सत्तेचाळीस वेळा ‘आणून देतो’

३ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११.१०
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण इतिहास घडत असताना कुणीतरी लिहून ठेवायला हवं.
येत्या १५ ऑक्टोबरला ‘आणून देतो’ या सिनेमाला पंचवीस वर्षं होतायत. थिएटरात चार दिवस चालला. चौथ्या दिवशी प्रेक्षक सहा, त्यातला एक मी. दिवे लागले तरी मी खुर्चीतून हललो नव्हतो, इतका भारावलो होतो. शेवटी झाडूवाल्याने खांदा हलवून बाहेर काढलं.
गोष्ट थोडक्यात (नोंद पूर्ण असावी म्हणून): हिरो सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून शिडी उसनी आणतो. शेजारी जिन्यात भेटला की हिरो म्हणतो, ‘आणून देतो.’ शेजारी म्हणतो, ‘सावकाश.’ बस्स. दोन तास हिरो शिडी परत करत नाही. शिडीवर मोजे वाळत घालतो. शिडी आडवी टाकून तिच्यावर ताट ठेवून जेवतो. कामधंदा शून्य. चेहऱ्यावर समाधान.
आजवर ४६ वेळा पाहिला. ‘आणून देतो’ चाहता मंडळाचा संस्थापक अध्यक्ष मीच. सभासद अकरा. त्यात मी, बायको आणि मुलगी. म्हणजे बाहेरचे आठ. पण सगळे कडवे. एकमेकांना भेटलो की नमस्कार वगैरे नाही. एकाने म्हणायचं ‘आणून देतो’, दुसऱ्याने ‘सावकाश’.
संकल्प: १५ ऑक्टोबरला भव्य मेळावा. माणसं पाचशे. शिड्यांची मिरवणूक. प्रश्नमंजुषा. अध्यक्षीय भाषण (मी). मग सिनेमा. नाही, आधी सिनेमा, मग भाषण. लोक तापलेले असताना भाषण पडलं पाहिजे.

३ सप्टेंबर. दुपारी ४
बायकोला सांगितलं. म्हणाली, पाचशे लोक बसणार कुठे? मी म्हणालो, वाचनालयाचा वरचा हॉल. म्हणाली, बुक केलात? मी म्हणालो, उद्या करतो.
हिच्यात दूरदृष्टी कमी आहे. पण माणूस चांगला आहे.

४ सप्टेंबर, सोमवार
आज हॉल बुक करणार होतो. शोरूममध्ये गर्दी. (मी गाद्यांच्या शोरूममध्ये सीनियर सेल्समन आहे. हे लिहायचं राहिलं होतं.) एक नवरा-बायको तीन तास गाद्यांवर झोपून बघत होते. त्याला कडक हवी, तिला मऊ. शेवटी दोघं उशी घेऊन गेले. हॉल उद्या.

९ सप्टेंबर, शनिवार
केमिस्ट येऊन गेला. आमच्या शोरूमपासून दोन दुकानं सोडून त्याचं औषधांचं दुकान. मंडळाचा उपाध्यक्ष. याला उपाध्यक्ष केला ही माझी चूक. म्हणतो, मी ६१ वेळा पाहिलाय. पुरावा काय? माझ्याकडे निदान आकडा बायकोच्या समोरचा आहे.
पुन्हा तेच सुरू केलं, की सिनेमाची खरी मजा दुसऱ्या भागात, इंटरव्हलनंतर आहे. मी विचारलं, मोज्यांचा सीन कोणत्या भागात आहे? म्हणाला, पहिल्या. मग झालं तर! हा माणूस दुसऱ्या भागाचं इतकं कौतुक करतो की त्याने पहिला नीट पाहिलाय की नाही याचीच मला शंका येते.
तरी जबाबदाऱ्या वाटून घेतल्या. त्याच्याकडे: मिरवणूक, प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर, नावनोंदणी, चहा-बिस्किटं. माझ्याकडे: हॉल आणि भाषण. हॉल ही मुख्य गोष्ट असल्यामुळे ती दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

१० सप्टेंबर, रविवार. दुपारी
तयारीसाठी सिनेमा लावला. मोज्यांच्या सीनपर्यंत बारीक नजरेने पाहिला. पुढचा भाग डोळे मिटून. संवाद पाठ आहेत, चित्र मनात आहे, मग डोळ्यांना कशाला राबवायचं? खरा रसिक असाच पाहतो. कानही विश्रांतीला असतात कधीकधी. ध्यानासारखंच आहे ते.
बायको म्हणाली, तुमच्या ध्यानाचा आवाज खालच्या मजल्यावर जातो.
ही वेळ ४६ मध्ये धरत नाही. तयारी होती ती.

१३ सप्टेंबर, बुधवार
मुलीने पोस्टर केलं. कॉलेजात डिझाइन शिकते. शिडीला टेकून झोपलेला हिरो, खाली तारीख. चांगलं आहे. मी म्हणालो, अध्यक्षांचा फोटो? म्हणाली, बाबा, शिडी दिसणार नाही मग. ठीक.
पाचशे प्रती छापू म्हणालो. तिने फोनवर टाकलं आणि म्हणाली, झालं. मी म्हणालो, फोनवर बघून कोण घराबाहेर पडतं? ती नुसती हसली. या पिढीला कष्ट माहीत नाहीत.

१७ सप्टेंबर, रविवार
प्रश्नमंजुषेचे पन्नास प्रश्न काढले. अवघड. उदा. शिडीला पायऱ्या किती? (नऊ. एक मोडकी.) वाळत घातलेले मोजे किती? (पाच. सहावा हिरोच्या पायात.) बनियनला भोक कुठे? (डावी काख.)
मुलीने वाचले. म्हणाली, बाबा, हे सगळे पहिल्या पाऊण तासातले आहेत. इंटरव्हलनंतरचा एकही नाही. मी समजावलं: सिनेमाचा अर्थ पहिल्या पाऊण तासात येऊन जातो, पुढे नुसता विस्तार आहे. तिने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीकडे पाहिलं. बाहेर काही नव्हतं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार. सायंकाळी ७.३०
शोरूममध्ये भानगड.
एक बाई गादी परत घेऊन आल्या. टेम्पोतून. आमची स्कीम आहे, तीस दिवसांत न आवडल्यास परत. त्या म्हणाल्या, पाठ धरते. मी नेहमीप्रमाणे फॉर्म काढणार होतो, पण तोंडातून वेगळंच निघालं. म्हणालो, ताई, जगात परत करण्यासारखं काही नसतं. एक माणूस होता. त्याने शिडी आणली होती. ती त्याने कधीच परत केली नाही. आणि तो सुखी होता. आलेली वस्तू आपली म्हणावी, तिच्यावर मोजे वाळत घालावेत.
बाई ऐकत राहिल्या. मला वाटलं, पटतंय. मग त्यांनी मालकांना हाक मारली.
मालक मला गोदामात घेऊन गेले. उश्यांच्या थप्पीमागे. म्हणाले, गेली अठरा वर्षं मी तुम्हाला सांभाळून घेतोय. आता आणखी एकदा शिडी ऐकली, तर तुम्हाला घरीच शिडीवर बसवीन, कायमचं. थोर विचाराला सुरुवातीला विरोध होतोच.
बाईंना त्यांनी दोन उश्या फुकट दिल्या.
घरी बोललो नाही. बायकोला कळलं तरी. म्हणाली, शिडी कधीच परत केली नाही, असं म्हणालात त्यांना? मी म्हणालो, हो, ठणकावून. ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, जाऊ दे, जेवून घ्या.

१ ऑक्टोबर, रविवार
दोन आठवडे राहिले. आढावा.
केमिस्ट: प्रोजेक्टर झाला, पडदा झाला, स्पीकर झाले, मिरवणुकीचा मार्ग ठरला. नावं ५८ आली म्हणतो. मुलीच्या पोस्टरमुळे. मी म्हणालो, बाकीचे ४४२ ऐनवेळी येतील.
मी: भाषणाचं पहिलं वाक्य तयार. ‘मित्रहो.’ पुढचं ओघात येईल.
हॉल: बुधवारी नक्की.

५ ऑक्टोबर, गुरुवार
बुधवारी वाचनालय बंद असतं. हे त्यांनी बाहेर ठळक लिहायला हवं. लिहिलंय म्हणे. पण जिना चढून वर गेल्यावर दिसतं, आणि मी फोन केला होता.

८ ऑक्टोबर, रविवार
शिडीची सोय करायची आहे. प्रत्येकाने मिरवणुकीत आपली शिडी आणायची, असा मीच नियम केला. आमच्याकडे शिडी नाही. उद्या बघतो.

११ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १.१५
वाचनालयात फोन केला. (बुधवार असूनही उचलला. नियमांत सातत्य नाही.) १५ तारखेला हॉल बुद्धिबळ स्पर्धेला गेलाय. ऑगस्टमध्येच. म्हणजे मी ४ सप्टेंबरला गेलो असतो तरी मिळाला नसता. मनावरचं मोठं ओझं उतरलं.

११ ऑक्टोबर. सायंकाळी ६
केमिस्टला सांगितलं. चिठ्ठीवरचं औषध देता देता थांबला. गोळ्यांची पट्टी हातात तशीच. म्हणाला, ७१ माणसं येतायत हो. काही तर गावाबाहेरून. एका बाईने रजा टाकलीय. मी म्हणालो, यातच सिनेमाची शिकवण आहे, ऐनवेळी हॉल नाही हेच ‘आणून देतो’ आहे. तो म्हणाला, तुम्ही जरा घरी जा.
त्याचा आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता. ते मला आवडलं नाही.

११ ऑक्टोबर. सायंकाळी ७.४५
बायकोला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, वाचनालयाने घोटाळा केला एवढं. तिने विचारलं, तुम्ही पहिल्यांदा फोन कधी केलात? मी म्हणालो, महिना महत्त्वाचा नाही. ती उठून पर्स शोधायला लागली.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
बायको शोरूममध्ये आली. माझ्याशी न बोलता सरळ मालकांच्या केबिनमध्ये. काचेतून दिसत होतं. आधी मालकांनी मान हलवली, नाही म्हणून. मग ती बोलली. मालक खुर्चीत मागे टेकले. ती आणखी बोलली. मालकांनी कॅलेंडर पाहिलं. सात मिनिटं. मग दोघं बाहेर आले आणि मालक मला म्हणाले, रविवारी दुपारी शोरूम तुमचं. बंदच असतं तसंही. बूट बाहेर. गाद्यांची प्लॅस्टिकची कव्हरं काढायची नाहीत. आणि तुम्ही गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही.
बायकोने त्यांना सांगितलं म्हणे, सत्तर माणसं दोन तास तुमच्या गाद्यांवर पडून राहणार आहेत. अशी जाहिरात विकत मिळत नाही.
ही कल्पना माझ्या मनात होतीच. फक्त वर आली नव्हती.

१४ ऑक्टोबर, शनिवार. सायंकाळी
मी, बायको, मुलगी, केमिस्ट आणि शोरूमचा ड्रायव्हर. ४२ गाद्या पडद्याकडे तोंड करून मांडल्या. मी मार्गदर्शन केलं. कंबर धरली असल्यामुळे स्प्रिंगच्या एका डबल गादीवर पडून केलं. वीस मिनिटांनी जागा झालो तेव्हा काम संपलं होतं. मार्गदर्शन चांगलं असलं की असंच होतं.

१५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९
आज! बनियन (डाव्या काखेत भोक पाडलं), खांद्यावर टॉवेल, एका पायात मोजा. बायको म्हणाली, दुसऱ्या पायात चप्पल तरी घाला.
शिडीचं राहिलं. स्वयंपाकघरातलं स्टूल घेतो. वृत्ती महत्त्वाची.

१५ ऑक्टोबर. सायंकाळी ६.२० (शोरूमच्या ऑफिसात बसून)
अभूतपूर्व! आधी हे लिहितो, मग बाहेर जातो.
८३ माणसं. पाचशे नव्हे, पण ४२ गाद्या जास्त होतील असं वाटणाऱ्यांनी आता बघावं. शिड्या १९. एका रंगाऱ्याने चौदा फुटी आणली, वळणावर ती फिरवायला अख्खी मिरवणूक थांबली. तीन नर्सेस एकच शिडी घेऊन, तिच्यावर खरोखर मोजे वाळत घातलेले, ओले. एका दातांच्या डॉक्टरने घडीची छोटी शिडी पाठीवर बॅगेसारखी बांधलेली. एक रिटायर्ड कंडक्टर आणि त्यांची सून, दोघांना सगळे संवाद पाठ, सासरा हिरो, सून शेजारी. केमिस्टच्या दुकानापासून शोरूम म्हणजे दोन मिनिटांचा रस्ता. अर्धा तास लागला, कारण दर दुकानासमोर सगळे शिड्या टेकवून विश्रांती घेत होते. रस्त्यावरचे लोक विचारत होते, काय आहे? उत्तर एकच, ‘आणून देतो!’ आणि ८२ जण, ‘सावकाश!’ मला भरून आलं. स्टूल जड होतं, तेही कारण असेल.
मग सिनेमा. (माझी ४७वी वेळ.) सगळे आडवे. सगळं शोरूम एका वेळी हसतंय. मोज्यांच्या सीनला टाळ्या. मी पहिल्या रांगेत, लेटेक्सवर. पुढचं नेहमीप्रमाणे मनाने पाहिलं.
दिवे लागले. कुणीतरी हलवलं. भाषण. मी उभा राहिलो. मित्रहो, म्हणालो, आणि पुढचं खरंच ओघात आलं! दहा मिनिटं. विषय: हिरोने शिडी परत का केली नाही. म्हणालो, साधा माणूस वस्तू परत करतो, हा थोर माणूस करत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत त्याने शिडी सोडली नाही, हाच त्याचा विजय.
आणि हशा! पहिल्या वाक्यापासून. मी गंभीर होत गेलो तसा हशा वाढत गेला. एक नर्स गादीवरून खाली पडली. कंडक्टर डोळे पुसत होते. केमिस्ट, माझा वैरी, उभा राहून टाळ्या वाजवत होता. गंभीर विचारालाही लोक असे खळखळून दाद देतात, हे आज कळलं.
जन्म सार्थकी लागला. बाहेर बोलावतायत.

१५ ऑक्टोबर. सायंकाळी ७.५०. घरी
लिहावं की नाही असं झालंय.
बाहेर गेलो तर केमिस्टने मिठी मारली. म्हणाला, काय डोकं आहे तुमचं! आत्ताच सगळ्यांनी बघितलंय आणि तुम्ही चेहरा न हलवता उलटं सांगताय! दर वर्षी हे उलटं भाषण झालंच पाहिजे. सगळ्यांनी हात वर करून ठराव पास केला. मीही केला.
उलटं म्हणजे काय, हे मी गाडीत बसल्यावर मुलीला विचारलं. ती आधी हसली. मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. म्हणाली, बाबा, तो शिडी परत करतो. शेवटी. तोच तर शेवट आहे.
मी म्हणालो, कोणत्या प्रिंटमध्ये?
ती म्हणाली, सगळ्या.
बायको पुढे बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, सदतीस वेळा पाहिलाय मी शेवट. एकदाच हुकला, दूध उतू गेलं तेव्हा. मग एवढ्या वर्षांत बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही इतक्या खुशीत सांगत सुटायचात सगळ्यांना, मोडवत नव्हतं. आणि सिनेमा बंदही करता यायचा नाही. तुमचं डोकं माझ्या खांद्यावर असायचं. उठले असते तर तुम्ही जागे झाला असतात.
मी स्टूल स्वयंपाकघरात परत नेऊन ठेवलं.
मालकांचा फोन आला. उठवेना म्हणून नऊ जणांनी पडल्यापडल्याच गाद्या बुक केल्या. बायकोला आभार सांगा म्हणाले.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
केमिस्ट शोरूममध्ये आला. म्हणाला, ‘आणून देतो.’ मी म्हणालो, ‘सावकाश.’ पण आवाज बसलेला. त्याने खोकल्याच्या गोळ्या दिल्या. खरं सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. तिसऱ्यांदा वाटेल तेव्हा सांगेन.

२२ ऑक्टोबर, रविवार. सायंकाळी ६.४०
४८वी वेळ. बायको ही पहिली धरते.
सोफ्यावर बसलो नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो, दोन कप कॉफी घेऊन. बायको सोफ्यावर. मोज्यांच्या सीननंतर डोळे जड व्हायला लागले तेव्हा तिने मागून चिमटा काढला.
शेवट असा आहे. हिरो एके दिवशी उठतो. कारण काही नाही. शिडी खांद्यावर घेतो आणि जिना चढतो. तीन मजले, मध्ये दोनदा बसतो. दार वाजवतो. आत अंधार. म्हातारा म्हणतो, सावकाश म्हटलं होतं ना, घाई कशाला केलीस? आठ महिने त्याचा बल्ब गेलेला असतो. हात पुरत नाही म्हणून अंधारात बसलेला असतो, पण मागायला एकदाही आलेला नसतो. हिरो आत येतो. शिडी लावतो, चढतो, बल्ब बदलतो. उजेड पडतो. दोघं एकमेकांकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघतात. संपलं.
मी बराच वेळ स्टुलावरून उठलो नाही. या वेळी खरोखर जागा होतो.
मग एकदम उत्साह आला. बायकोला म्हणालो, पुढच्या रविवारी पुन्हा लावू, आता दुसऱ्या भागावर पन्नास प्रश्न काढतो, सव्विसाव्या वर्षी बघच तू. ती कपबशा उचलत होती. म्हणाली, आता एकदा पाहून झाला ना पूर्ण? मग पुढच्या रविवारी दुसरा एखादा लावू या का. मला हा पहिल्यापासूनच फारसा आवडत नाही.
मी विचारलं, मग सदतीस वेळा?
म्हणाली, तुम्हाला आवडायचा ना.
संकल्प: हिला कोणता सिनेमा आवडतो ते विचारायचं. बावीस वर्षांत राहून गेलंय. उद्या नको. ती आत्ता स्वयंपाकघरात आहे, आत्ताच विचारतो.

२२ ऑक्टोबर. ६.५५
विचारलं. तिने नाव सांगितलं. तो आम्ही लग्न ठरल्यावर पहिल्यांदा एकत्र पाहिला होता म्हणे, थिएटरात.
मला काहीच आठवत नाही. ती म्हणाली, आठवणार नाहीच.